वाडीवरचा सूर्यदिवा



आमच्या धर्मग्रामातील तरुण संघाच्या चिटणीसाने गेल्या पंधरवड्यात आम्हांस एक पत्र पाठविले. अक्षर सुरेख आहे आणि विचार त्याहूनही सुरेख आहे. संघाने यंदा नाताळच्या रोषणाईचा खर्च निम्म्यावर आणून, शिवाय घरोघर वर्गणी जमवून, नदीपलीकडच्या रानातील एका वाडीस सूर्याच्या उजेडावर भरणारे हातदिवे द्यावयाचे ठरविले आहे. वाडीत बावीस घरे आहेत. अभयारण्याची हद्द असल्याने विजेच्या तारा तेथवर गेलेल्या नाहीत. चिटणीस लिहितात, “फादर, आपला आशीर्वाद आणि शक्य तर आपली देणगी मिळावी.”

आशीर्वाद आम्ही त्याच दिवशी दिला. देणगीविषयी मात्र अद्याप मौन धरले आहे, आणि त्यामुळे संघातील मंडळी थोडी खट्टू झाली असल्याचे आमच्या कानी आले. आमचा हात आखडता आहे असे कोणी म्हणत असेल तर ते अगदीच खोटे नाही. परंतु या वेळी कारण निराळे आहे. हेच काम आम्ही स्वतः एकदा केले होते आणि ते फसले होते. ती हकीकत आम्ही आजवर कोणास नीटशी सांगितली नाही. ती आता सांगणे भाग आहे.

२०१६ साली आम्ही खानापूर तालुक्यातील एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. तेथील डोंगराच्या पाठीमागे धनगर-गवळ्यांच्या दोन वाड्या होत्या. पावसाळ्यात ओढा चढला म्हणजे चार चार दिवस त्यांचा जगाशी संबंध तुटत असे. एकदा संध्याकाळी आम्ही तेथे एका आजाऱ्यास पाहावयास गेलो असता चौथीतील एक मुलगी चिमणीपुढे वाकून बेरजा करीत होती. चिमणी म्हणजे औषधाच्या बाटलीला भोक पाडून त्यात वात घातलेली. मुलीच्या कपाळावरच्या बटा जळून तांबूस झालेल्या होत्या. ते पाहून आम्हांस राहवले नाही. एका दानशूर कुटुंबाकडून रक्कम मिळाली, शहरातून चाळीस सूर्यदिवे मागविले, आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सुट्टीत मुले घरी आहेत म्हणून, दोन्ही वाड्यांवर नेऊन वाटले. फोटो काढले. त्या रात्री डोंगरावरून खाली उतरताना मागे वळून पाहिले, तर रानात पांढऱ्या उजेडाचे ठिपके दिसत होते. आम्हांस फार समाधान वाटले. एवढे समाधान वाटावयास नको होते, हे आता कळते.

पुढे आमची बदली झाली. दीड वर्षाने काही निमित्ताने आम्ही पुन्हा त्या वाड्यांवर गेलो. चाळीसपैकी तीन दिवे चालू होते. बाकीचे आढ्याला टांगलेले, एक कोंबड्यांच्या खुराड्यावर, एकाचे पॅनेल मुलांनी खेळावयास घेतलेले. ज्या घरात आम्ही ती मुलगी पाहिली होती तेथे तिची आजी दारात बसली होती. आम्ही दिव्याविषयी विचारले तेव्हा ती हसून म्हणाली, “दिवा हाय की, फादर. उजेड तेवढा गेला.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने तो दिवा पुसून देवळीत ठेवला होता. पाहुण्याने दिलेली वस्तू म्हणून. शेजारी चिमणी होती, आणि चिमणीच्या वर भिंतीवर पूर्वीप्रमाणेच काजळीचा पट्टा उमटला होता.

असे का झाले, याचा शोध आम्ही पुढे काही जाणत्या लोकांकडे केला. उत्तर इतके साधे निघाले की लाज वाटली.

सूर्यदिव्याचे अंग तीन भागांचे असते. वर पॅनेल, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकत्यांची काचेखाली बसविलेली पाटी. तिच्यावर प्रकाश पडला की वीज उत्पन्न होते. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत अशी उपयोगी पडेल एवढी वीज देणारी सिलिकॉनची चकती प्रथम दाखविण्यात आली. त्या वेळी तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्केच वीज होत असे. आज साध्या बाजारी पॅनेलातही याच्या तिपटीने होते. खाली एलईडीचा दिवा. निळा प्रकाश देणारा एलईडी करून दाखविल्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांस २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कारण निळ्यावाचून पांढरा उजेड साधत नव्हता. एक वॅटचा एलईडी चिमणीच्या दहापट तरी उजेड देतो. हे दोन्ही भाग वर्षानुवर्षे टिकतात. त्यांच्यामध्ये बॅटरी असते, आणि सारी मेख तेथे आहे. दिवसा भरलेली वीज रात्रीपर्यंत धरून ठेवणे हे तिचे काम. पहिल्या दोन भागांच्या मानाने तिचे आयुष्य थोडे.

आमच्या दिव्यांत शिशाची बॅटरी होती. शिशाच्या बॅटरीचा स्वभाव असा की, ती रिकामी होऊन तशीच पडून राहिली तर आत एक कठीण थर धरते, आणि मग कितीही ऊन दाखविले तरी पुन्हा पहिल्यासारखी भरत नाही. आता वाचकांनी आमच्या शहाणपणाचा हिशोब करावा. दिवे आम्ही मेच्या शेवटी वाटले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. आमच्या या सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस वाचकांस माहीत आहे. आठ आठ दिवस सूर्याचे तोंड दिसत नाही. लोकांनी दिवे पहिल्या चार रात्री वापरले, ते रिकामे झाले, पॅनेल भिजू नये म्हणून बिचाऱ्यांनी घरात आणून ठेवले. गणपती झाल्यावर जेव्हा ऊन पडले तेव्हा दिवे आतून मेलेले होते. दसऱ्यानंतर वाटले असते तर निदान आठ महिने ऊन मिळाले असते, आणि तेवढ्या काळात लोकांचा हात बसला असता. हे आम्हांस कोणी सांगितले नाही. कारण आम्ही कोणास विचारले नाही.

त्यातही नवी बॅटरी घालता आली असती. परंतु दिव्याचे खोके डिंकाने कायमचे चिकटविलेले होते, पेच कोठेही नव्हता. ज्या तीन घरी दिवे चालू होते ती तिन्ही घरे एकाच मुलाच्या नात्यातील होती. हा मुलगा आठवड्याच्या बाजारात एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे बसत असे. त्याने सुरी तापवून खोकी कापली, आतली बॅटरी बदलली, तारांना डाख दिला आणि खोके सुतळीने बांधून टाकले. दिसावयास ते दिवे अगदी ओंगळ दिसत होते. पण उजेड देत होते. दहा कुमारींच्या दृष्टान्तावर आम्ही अनेक प्रवचने दिली आहेत, तरी पाच जणींचे दिवे मुळात चांगलेच होते व कमतरता फक्त तेलाची होती, ही गोष्ट त्या सुतळीच्या गाठींकडे पाहताना आम्हांस जशी समजली तशी पूर्वी समजली नव्हती.

येथे कोणी म्हणेल की आता या दिव्यांची गरज तरी कोठे उरली आहे? शंका रास्त आहे. आपल्या देशात या बाबतीत मोठा पालट झाला. २००१ च्या जनगणनेत खेड्यांतील सुमारे ५६ टक्के घरे उजेडासाठी रॉकेल जाळीत होती; २०११ मध्येही हे प्रमाण ४३ टक्के होते. २०१७ मध्ये घरोघर वीज देण्याची सौभाग्य योजना सुरू झाली, आणि २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपुरातील लायसांग गावी वीज पोहोचल्यावर देशातील प्रत्येक गावात वीज आल्याचे सरकारने जाहीर केले. ही थोर गोष्ट आहे, ती मान्य केली पाहिजे. मात्र सरकारी व्याख्येप्रमाणे गावातील दहा टक्के घरांत व शाळा, दवाखाना, पंचायत अशा सार्वजनिक जागी वीज आली की ते गाव विद्युतीकरण झालेले ठरते. गाव मोजताना वाडी सुटते. अभयारण्यातील वाडी तर हमखास सुटते. आणि आपल्या देशाबाहेर पाहिले तर २०२२ मध्ये जगात ६८ कोटींहून अधिक लोक विजेवाचून होते, त्यांतील बहुतेक आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेस.

रॉकेलाच्या चिमणीविषयी आमच्या जुन्या वाचकांच्या मनात एक हळवा कोपरा आहे. आमच्याही आहे, आमच्या आजोबांच्या घरी तेर्साची प्रार्थना कंदिलाच्याच उजेडात होत असे. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत असे आढळले की, उघड्या वातीच्या चिमणीत जळणाऱ्या रॉकेलापैकी ७ ते ९ टक्के भाग निव्वळ काजळी होऊन बाहेर पडतो. ती काजळी भिंतीवर दिसते. छातीत दिसत नाही.

तेव्हा दिवे हवेत. प्रश्न एवढाच की ते तिसऱ्या वर्षी कोणाच्या हाती असावेत.

या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर आम्हांस राजस्थानात सापडते. अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचे गाव आहे. तेथे बंकर रॉय यांनी १९७२ साली एक संस्था सुरू केली. लोक तिला बेअरफूट कॉलेज, म्हणजे अनवाणी माणसांचे विद्यालय म्हणतात. तेथे खेड्यांतील बायकांस, पुष्कळशा नातवंडे असलेल्या आणि अक्षरओळख नसलेल्या बायकांस, सूर्यदिवे जुळविण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण देतात. मुदत सहा महिने. पुस्तक नाही. भागांस रंग दिलेले, तारांस रंग दिलेले. शिकविणारी बाई करून दाखविते, शिकणारी पाहून करते. २००८ पासून भारत सरकारच्या साहाय्याने आफ्रिकेतील अनेक देशांतल्या स्त्रियाही तेथे येऊ लागल्या. एकीस दुसरीची भाषा येत नाही, शिकविणारीस दोघींचीही येत नाही, आणि सहा महिन्यांनी त्या आपापल्या गावी परत जाऊन गावात दिवे लावतात.

आजीबाईच का, पुरुष का नाही? रॉय यांनी याचे उत्तर अनेकदा जाहीरपणे दिले आहे, आणि ते पुरुष वाचकांस रुचेल असे नाही. त्यांचे म्हणणे, पुरुषास शिकविले की त्यास प्रशस्तिपत्र हवे असते. ते मिळाले की तो शहरात नोकरी शोधावयास जातो. आजी कोठे जात नाही. आम्ही हे वाचले तेव्हा आम्हांस रेडिओवाल्याकडे बसणारा तो मुलगा आठवला. तो पुढे गोव्यात कामास गेला असे ऐकतो. त्याचे नवल नाही, दोषही नाही. पण तो गेल्यावर त्या तीन दिव्यांचे काय झाले असेल याची कल्पना आम्ही करू शकतो.

तिलोनियाच्या पद्धतीत आणखी एक अट आहे. गावाने आधी समिती नेमावयाची आणि प्रत्येक घराने दरमहा किती द्यावयाचे ते ठरवावयाचे. सामान्यतः रॉकेल, मेणबत्त्या व टॉर्चचे सेल यांवर जेवढा खर्च होत होता त्याच्या आसपास. त्यातून दुरुस्ती करणाऱ्या बाईस मेहनताना मिळतो व भाग आणता येतात. काही वाचकांस हे कठोर वाटेल. गरिबाकडून पैसे घ्यावयाचे? आम्हांसही प्रारंभी तसेच वाटले. परंतु तो गरीब रॉकेलासाठी पैसे देतच होता, आणि ते कोणास कठोर वाटत नव्हते.

आमच्या कर्नाटकातच याविषयी एक जुना धडा आहे. बेंगळुरूच्या सेल्को या संस्थेचे काम १९९५ पासून चालू आहे. तिच्या संस्थापकांपैकी एक, हरीश हांडे, यांस २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हांडे सांगतात की, रस्त्यावर माल विकणाऱ्या एका बाईने त्यांस सुनावले : महिन्याला तीनशे रुपये मला परवडत नाहीत, रोजचे दहा रुपये परवडतात. हिशोब एकच आहे. पण तिच्या हाती पैसा रोज येतो आणि रोज संपतो. महिनाअखेरीस तीनशे एकदम कोठून आणणार? यावरून त्यांनी हप्त्यांची रीत बसविली, आणि काही ठिकाणी एका माणसाने दिवसा बॅटऱ्या भराव्यात व संध्याकाळी त्या फेरीवाल्यांस भाड्याने पोहोचवाव्यात अशीही व्यवस्था केली. दिवा त्या माणसाचा, उजेड विकत घेणाऱ्याचा. दिवा बिघडला तर पोट त्या माणसाचे अडते, म्हणून तो दुरुस्त होतो.

दान मुळीच देऊ नये, असा याचा अर्थ आम्ही करीत नाही. काही ठिकाणी दिवा विकत देण्याचा विचारही करता येत नाही. २००८ साली लॉरा स्टॅशेल नावाच्या अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ बाई उत्तर नायजेरियातील एका सरकारी इस्पितळात अभ्यासासाठी गेल्या होत्या. तेथे रात्री वीज जात असे आणि बाळंतिणी अंधारात अडत. शस्त्रक्रिया चालू असताना दिवे गेलेले त्यांनी स्वतः पाहिले. त्यांचे पती हॅल अॅरनसन हे सूर्यशक्तीचे शिक्षक. त्यांनी इस्पितळासाठी मोठी योजना आखली आणि ती समजावून देता यावी म्हणून बाईंच्या सामानात मावेल असा एक छोटा संच करून दिला. तेथील डॉक्टर व परिचारिका यांनी तो नमुना पाहिला आणि तो आमच्याकडेच ठेवून जा, असा आग्रह धरला. त्यातून पुढे पिवळ्या पेटीत बसविलेला, भिंतीला टांगला की चालू होणारा दिव्यांचा संच तयार झाला, आणि आज तो अनेक देशांतील हजारो आरोग्यकेंद्रांत आहे. तेथेही परिचारिकांस व स्थानिक कारागिरांस तो बसविण्याचे व राखण्याचे शिक्षण देतातच. पेटी ठेवून परत येत नाहीत. आम्ही ठेवून परत आलो होतो.

आता आमच्या तरुण संघाकडे वळू. बावीस घरांस बावीस दिवे एकदम घेण्याचा आग्रह आहे, कारण कोणास मिळाला व कोणास नाही असे व्हावयास नको. हे समजण्यासारखे आहे. तरी आमची सूचना अशी की, दिवे विकत घेण्यापूर्वी दुकानदारापुढे एक दिवा उघडून दाखविण्याचा हट्ट धरावा. पेचांनी बंद केलेला असेल तर पुढे बोलावे. चिकटविलेला असेल तर उठून यावे. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असल्यास किंमत अधिक पडेल, पण ती शिशाच्या बॅटरीपेक्षा अधिक वर्षे चालते. तशीच नवी बॅटरी बेळगावच्या बाजारात मिळते काय आणि केवढ्यास मिळते, हे त्याच फेरीत पाहून यावे. पॅनेल दिव्याच्या गरजेपेक्षा मोठे घ्यावे, कारण पावसाळ्यातील ढगाळ उजेडात ते फारच थोडी वीज देते. पॅनेलाच्या एका कोपऱ्यावर फणसाच्या फांदीची सावली पडली तरी सबंध पॅनेलाची वीज घसरते, ही गोष्ट वाडीवर चार वेळा सांगावी लागेल. छपरावर चढून शेणामातीची धूळ पुसण्याचीही. आणि मेलेल्या बॅटऱ्या विहिरीजवळ किंवा चुलीत जाऊ नयेत. २०२२ च्या नियमांनी त्या परत घेण्याची जबाबदारी बनविणाऱ्यावर टाकली आहे, तेव्हा दुकानदाराने टाळाटाळ केल्यास ते त्यास सांगावे.

याहून महत्त्वाचे, वाडीवरच्या बायकांशी अद्याप कोणी बोललेले नाही. चिटणीस आमच्या प्रश्नावर म्हणाले, “त्यांना आश्चर्याचा आनंद द्यायचा आहे, फादर.” आम्ही यावर काही बोललो नाही, कारण २०१६ साली आमचे शब्द हेच होते. आमच्या मते संघातील दोघी मुलींनी पुढच्या रविवारी मिस्सानंतर वाडीवर जावे, जेवावयास थांबावे, आणि विचारावे की दिवे आले तर ते राखील कोण. एखादी आजी पुढे येईल. कदाचित दोघी येतील आणि त्यांच्यात भांडण होईल, तेही चालेल. महिन्यास प्रत्येक घराने काय द्यावे ते त्यांनीच बोलावे. पाच रुपये म्हणाल्या तर पाच. आणि दिवे नाताळला पोहोचले नाहीत, शिमग्यापर्यंत लांबले, तर फार बिघडत नाही. फक्त पाऊस तोंडावर आला असता नेऊ नयेत.

देणगीचे म्हणाल तर आम्ही दिव्यांसाठी काही देणार नाही. राखणाऱ्या आजीस आठ दिवस खाली आणून शिकविण्याचा, तिच्या येण्याजाण्याचा व हत्यारांचा खर्च आमच्याकडे लागला. डाख देण्याची कांडी, पक्कड, मोजयंत्र, एवढे घ्यावे लागेल. शिकवील कोण, ही अडचण आहे. आमच्या धर्मग्रामातील जे दोघे वीजकाम करतात त्यांनी हे वाचून आपणहून यावे, म्हणजे आम्हांस त्यांच्या घरी जावे लागणार नाही.

त्या चाळीस दिव्यांपैकी एक आमच्या कपाटात अद्याप आहे. आजीने देवळीत ठेवलेला तोच. आम्ही मागितला तेव्हा तिने प्रथम नाही म्हटले, मग दिला. संघाच्या मुलांनी शनिवारी संध्याकाळी धर्मगुरुनिवासात येऊन तो उघडून पाहावा. येताना सुरी आणावी. पेचकसाचा त्याला उपयोग नाही.